आवाजाची रेघ

अमरावती
२ जुलै २००७

ती. जानरावमामांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोन केला होता. मी विचारायचं, मामीनं ते तिथूनच तुमच्या कानाशी ओरडायचं, तुम्ही काहीतरी म्हणायचं आणि मामीनं त्यात आपलं मीठमिरची घालून मला सांगायचं, असा तो फोन झाला. तुमची तब्येत विचारली तर मला मामीच्या गुडघ्यांची हकीकत मिळाली. तेव्हाच ठरवलं, तुमच्याशी बोलायचं ते पत्रातून. कागदावर ओरडावं लागत नाही आणि मध्ये मामीही येत नाही. (मामी, हे पत्र तूच आधी फोडणार, हे मला ठाऊक आहे. राग मानू नको.)

फोनमधून एक गोष्ट मात्र नीट कळली. तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय. सुरू केला की खिडक्यांवर खिडक्या उघडतात, कुठल्या तरी बाईचा फोटो येतो, तो जाता जात नाही आणि मामी त्यावर पदर टाकून ठेवते म्हणे. मामा, तो व्हायरस आहे. तुमची ती सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी बंद झाली तेव्हा कुणी पंखे नेले, कुणी भिंतीवरचं घड्याळ नेलं, आणि ऑफिसातला हा कॉम्प्युटर कुणालाच नको होता म्हणून तुमच्या घरी आला. त्यात विंडोज आहे ते कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेलं. त्याची दुरुस्ती करत बसण्यापेक्षा मी दुसरं सुचवते.

सोबत एक सीडी पाठवत आहे. हिच्यावर उबुंटू आहे. विंडोज जसं कॉम्प्युटर चालवतं, तसंच हेही चालवतं. फरक इतकाच, की हे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय आणि कुणालाही फुकट मिळतं. आत काय आहे ते उघडून पाहता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देताही येतं. मी नुसतं नाव-पत्ता कळवला तर परदेशातून टपालानं घरपोच आलं, तिकिटाचेही पैसे घेतले नाहीत. मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासवर सगळे मला हसतात, फुकटचं ते कसलं टिकतंय म्हणतात. म्हटलं, मामांना पाठवू. मशीनच्या बाबतीत ते कुणाच्या सांगण्यावर जात नाहीत, स्वतः उघडून पाहतात.

सीडी आत घालायची आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचा. ते सीडीवरूनच चालेल, तुमच्या जुन्या कशालाही हात लागणार नाही. सध्या फक्त पाहून घ्या. आवडलं तर कळवा, मग कायमचं कसं बसवायचं ते लिहीन.

आईचा नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरतो, पण पत्र लवकर हवं.

तुमची,
प्रणाली


अकोला, डाबकी रोड
१४ जुलै २००७

चि. प्रणाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आणि तबकडी पोचली. पत्र अर्थातच आधी तुझ्या मामीनं फोडलं. तबकडी पाहून तिला वाटलं, वाळवणावरच्या चिमण्या उडवायला तू चकाकती वस्तू पाठवलीस. गच्चीवर टांगायला दोरा शोधून राहिली होती, तेवढ्यात मी पोचलो.

आमच्याकडे विजेची लाईन सकाळी जाते ती चारला येते. चारला तुझ्या सांगण्याप्रमाणं केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पडद्यावर एक तांबूस मातकट रंग पसरला, पेरणीच्या आधी वखरून ठेवलेल्या वावरासारखा. त्यावर काही नाही. बाई नाही, खिडक्या नाहीत. मी खुर्ची ओढून पाहत बसलो. मामी आली आणि विचारती झाली, एवढं काय पाहता त्यात. मी म्हटलं, काही नाही तेच पाहून राहिलो. ती डोक्याला हात लावून गेली. पण पोरी, खरं सांगतो, फार दिवसांनी काही स्वच्छ पाहिल्यासारखं वाटलं. पेपर उघडला तर हल्ली पहिल्या पानावर रोज जीव दिलेल्या एखाद्या कास्तकाराचा फोटो असतो. मी पेपर मागून वाचतो आणि पहिलं पान आलं की चष्मा काढून ठेवतो.

संध्याकाळी मी तिथंच खुर्चीत डुलकी घेतली. तुला सांगितलं नसेल, स्वप्नात मला सगळं ऐकू येतं. जिनिंग चालू असते, रोलर घुमत असतात, उजेडाच्या पट्ट्यात रुईचे तंतू उडत असतात आणि लांब कुठंतरी कुणी माझ्या नावानं हाक मारतं ती सुद्धा नीट येते. जागा झालो की पुन्हा कानात कापूस. डॉक्टर म्हणतात, आयुष्य त्या रोलरपाशी गेलं, आणखी काय होणार. उजवा कान संपला. डावा हळूहळू निघाला आहे, किती दिवस थांबेल ते तेही सांगत नाहीत.

म्हणून एक गोष्ट विचारतो. तुला मामीची भुलाबाईची गाणी आठवत असतील. तू लहान असताना आपल्या घरी भुलाबाई बसायची, पोरी फेर धरून गायच्या, तेव्हा भरलेली ती कॅसेट. दुरुस्तीच्या दुकानवाल्या रऊफभाईंनी ती कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली, आणि उतरवता उतरवताच तिची फीत तुटली. आता आहे ते कॉम्प्युटरमध्येच. हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला की डाव्या कानात ती गाणी येतात. समोर बसलेल्या तुझ्या मामीचे, गोदाचे, ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. अठरा वर्षांपूर्वीची गोदा मात्र ऐकू येते. तुझी मामी म्हणते, त्या बाईचं आयकता, मायं काहून आयकत नाई. तर ती गाणी या नव्यातही ऐकता येतील ना, तेवढं कळव.

मला हे पसंत आहे. मामीलाही आहे. तिला यातला पत्त्यांचा खेळ सापडला. राजा गोरा आहे म्हणते, पण खेळतो बरा.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.

तुझा,
जानरावमामा


अमरावती
२२ जुलै २००७

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मामांना पसंत पडलं, हे मी क्लासवर सगळ्यांना सांगितलं. गाणी यातही ऐकता येतील, काळजी करू नका. त्यासाठी लागणारी एक वस्तू दुसऱ्या सीडीवर पाठवली आहे. रऊफभाईंना बोलवा, ते बसवून देतील.

कायमचं बसवताना पडद्यावर एक एक प्रश्न येईल, मराठीही निवडता येतं. भाषा, गाव, नाव, सगळं सोपं. एका ठिकाणी मात्र दोन पर्याय येतील. जुनं ठेवून त्याच्या बाजूला नवं बसवायचं, की सगळी डिस्क नव्याला द्यायची. तुम्ही पहिलं निवडा. जुनं आणि नवं शेजारी शेजारी राहील, सुरू करताना जे हवं ते निवडायचं.

क्लासमध्ये पोरं कमी झाली आहेत. नांदगाव पेठेकडून येणारी दोघं जण पेरणीनंतर आलीच नाहीत. त्यांच्या खुर्च्या तशाच ठेवल्यात, सर उचलू देत नाहीत. बाकी ठीक.

मामीच्या गोऱ्या राजाला माझा नमस्कार.

तुमची,
प्रणाली


अकोला
५ ऑगस्ट २००७

चि. प्रणाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काम फत्ते. रऊफभाई यायच्या आतच मी एकट्यानं बसवलं. ते आले तेव्हा मी चहा घेत बसलो होतो आणि पडद्यावर सगळं मराठीत. ते म्हणाले, जानराव, आता माझ्या दुकानावर येऊन बसा. फार दिवसांनी मला कुणी कामाला बोलावलं. मस्करीत का होईना, छान वाटलं.

एका ठिकाणी मात्र तुझं ऐकलं नाही. तू म्हटलं होतंस, जुनं ठेवून बाजूला नवं बसवा. पोरी, तू कॉम्प्युटर शिकवतेस पण मशीन बसवलेली नाहीस. जुन्या जिनच्या पायावर नवी जिन कधी बसवत नाहीत. जुनीचे बोल्ट, जुनीचा पाया, सगळं उखडून काढायचं, जमीन कोरी करायची, मग नवी. दोन्ही एका शाफ्टवर ठेवल्या की दोन्ही हादरतात आणि एक दिवस पट्टा तुटून कुणाच्या तरी अंगावर येतो. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून दुसरा पर्याय घेतला. सगळी डिस्क नव्याला. त्यानं मला दोनदा विचारलं, नक्की ना. मी दोनदा हो म्हटलं. ती बाई तिच्या खिडक्यांसकट गेली.

आता एवढंच सांग, गाणी कुठं आहेत. मी सगळीकडं शोधलं. रऊफभाईंनी तुझी दुसरी सीडीही बसवली. मशीन बदलली म्हणून गोदामातला कापूस कुठं जात नाही, हे मला ठाऊक आहे. मशीनचा हॉल वेगळा, मालाचं गोदाम वेगळं. मला फक्त या नव्यातून गोदामाचं दार सापडून नाही राहिलं. मामी म्हणते, थोडं थांबा, पोरगी सांगीन. म्हणून थांबलो आहे.

या नव्याचा रंग संध्याकाळी फार शांत दिसतो. लाईन जाते तेव्हा तो एकदम विझतो आणि डोळ्यांसमोर तसाच थोडा वेळ राहतो. मामी कंदील घेऊन येईपर्यंत मी त्याच रंगात बसलेला असतो.

उत्तर लवकर दे. माया आहे तशीच आहे, तीत नवं-जुनं केलेलं नाही.

तुझा,
जानरावमामा


अमरावती
१० ऑगस्ट २००७

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

मामा, कॉम्प्युटरात गोदाम वेगळं नसतं. मशीन आणि माल एकाच डिस्कवर असतात. सगळी डिस्क नव्याला दिली की जुन्याबरोबर त्यावरचं सगळंच पुसलं जातं. गाणीसुद्धा. मी आमच्या सरांना विचारलं, त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला विचारलं. वरून नवं लिहिलं गेलं की खालचं हाती लागत नाही म्हणतात.

चूक माझी आहे. पहिला पर्याय घ्या एवढंच लिहिलं, का घ्यायचा ते लिहिलं नाही. तुम्हाला कारण सांगितल्याशिवाय काही पटत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी लिहिलं नाही. त्या गाण्यांत मीही होते. आत काय आहे ते ओळखायला खिरापतीचा डबा हलवल्यावर मोठ्यानं लाडू म्हणून ओरडणारी ती मीच होते, आणि आत फुटाणे होते.

तुम्ही रागवा. पण पत्र लिहा. मामीला सांगा, मी रविवारी फोन करते आहे.

तुमची,
प्रणाली


अकोला
२० ऑगस्ट

प्रणालीबाईले मामीचा आशीर्वाद.

तुये मामा लिहीत नाईत म्हनून मी लिहून राह्यली. माया हातचं अक्षर तुले लागीन का नाई कोन जाने. चौथी शिकलेली बाई, सांभाळून घे.

तुयं पत्र त्याईनं वाचलं अन् घडी करून खिशात ठेवलं. रागवले नाईत. रागवले असते तं बरं झालं असतं. कॉम्प्युटरवर चादर टाकली. आता दिवसभर ओट्यावर बसतेत. रऊफभाई आले होते, त्याईले पाहून आत गेले. शेजारचे शालिकराम काका बोलावाले आले, म्हने भजनाले चाला, तं म्हनाले भजन कोनाले आयकू येते. जेवन वाढलं तं जेवतेत. इचारलं तं मान हालवतेत, अन् मले माईत हाय, का इचारलं ते त्याईले समजलंच नसते.

फोनवर तू म्हनत होती, मामी आता तूच गाय, आपन नवं भरून घेऊ, या नव्यात तशी सोय हाय. तेवा लाईन गेली म्हनून म्या फोन ठेवला, असं तुले सांगतलं. लाईन गेली नव्हती. आता लिहिते. बाई, मले नाई गावाचं.

कारन सांगते, हासू नको. त्याईच्या कानात ते गोदा होती, तिशी-बत्तिशीतली. तिचा आवाज पितळेच्या भांड्यासारखा. आता माये दात गेले, दमा लागला, पट्टी फाटते. ते गोदा गेली तं गेली, तिची आठवन तं त्याईच्यापाशी हाय. तिच्या जागी माया हा घोगरा आवाज भरून दिला तं त्याईचा शेवटचा आयकलेला आवाज हाच राहीन ना. मले ते नाई पायजे. बायकोनं नवऱ्याच्या कानात कसं राहावं, हे मले तूच सांग.

भुलाबाई तं आता आपल्या गल्लीत बसतही नाई. पोरी टीव्हीपुढं बसतेत.

तू चांगली राहा. आईले नमस्कार सांग. माया पत्रातलं त्याईले काई लिहू नको.

तुयी,
गोदामामी


अमरावती
१ सप्टेंबर २००७

प्रिय मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर मला लागलं. ते वाचताना तूच बोलतेयस असं वाटलं. आईलाही वाचून दाखवलं, ती रडली आणि मग म्हणाली, गोदा आधीपासूनच हट्टी.

मामी, तू म्हणतेस तुझा आवाज आता तसा नाही. नाही तर नाही. पण मामांच्या डाव्या कानाला जे ऐकायचं आहे ते तुझं आहे. पितळ ऐकायचं असतं तर त्यांनी भांडी वाजवली असती. कान कुणासाठी थांबत नाही. तू विचार करत बसलीस आणि तो निघून गेला तर तुला बरं वाटणार आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

सोबत आणखी एक सीडी आहे. हिच्यात आवाज भरून घ्यायचा प्रोग्रॅम आहे. माइकसमोर गायलं की पडद्यावर त्या आवाजाची रेघ उमटत जाते. मोठा आवाज असला की रेघ उंच, हळू असला की बारीक, गप्प बसलं की सरळ. नंतर पुन्हा ऐकायचं म्हटलं की त्या रेघेवरून एक उभी काडी पुढं सरकत जाते आणि आता कुठलं चाललंय ते दाखवते. रऊफभाईंकडे साधा माइक मिळेल. त्यांनाच सांग बसवून द्यायला, मामांना तू काही सांगू नको. पडद्यावर रेघ हलताना दिसली की ते आपोआप उठून येतील. हलणारी वस्तू त्यांना बसू देत नाही.

आणि या वर्षी भुलाबाई बसव. भाद्रपदाच्या पौर्णिमेला अजून वेळ आहे. गल्लीत पोरी नाहीत असं नाही, त्यांना कुणी बोलावलेलं नाही. रऊफभाईंची उज्मा आहे, शालिकराम काकांच्या नाती आहेत. खाऊ मिळणार म्हटलं की टीव्ही बंद होतो. मला यायचं होतं, पण त्याच सुमारास क्लासच्या परीक्षा आहेत.

तू गा. मग हवं तर माझ्यावर राग धर, तोही मला चालेल.

तुझी,
प्रणाली


अकोला
८ ऑक्टोबर २००७

चि. प्रणाली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही. तुझ्यावर राग नव्हता, कुणावरच नव्हता. आत काही शिल्लकच नव्हतं, मग लिहायचं काय.

आता बातम्या ऐक. आपल्या घरी भुलाबाई बसली. ज्वारीच्या धांड्यांचा मांडव केला, भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी आणली. भुलोजीचा फेटा मामीनं स्वतः रंगवला, त्यामुळं तो थोडा तिच्या काकासारखा दिसतो. रोज संध्याकाळी पोरी येतात. पहिल्या दिवशी मी ओट्यावरच होतो. आत पाहिलं तर चादर काढलेली, रऊफभाई माइक धरून बसलेले आणि पडद्यावर एक निळी रेघ पळत होती. ती कधी फुगायची, कधी आखडायची. मी उठून गेलो. पाहिलं तर मामी गात होती. तिचे ओठ आणि ती रेघ बरोबर चालल्या होत्या. ओठ मिटले की रेघ सरळ. मी रऊफभाईंना बाजूला केलं आणि स्वतः बसलो.

मग खिरापत आली. तुला आठवत असेल, डबा बंद, आत काय आहे ते हलवून आवाजावरून ओळखायचं. पूर्वी मी आतल्या खोलीतून ओळखायचो आणि तुम्ही पोरी चिडायच्या. मी म्हटलं, डबा माइकपाशी हलवा. त्यांनी हलवला. पडद्यावर काटे उठले, एकेक सुटा. फुटाणे म्हटलं. फुटाणेच निघाले. दुसऱ्या दिवशी दाट, बुटकी, गवतासारखी रेघ. मुरमुरे. शेंगदाण्याची त्याहून जाड येते, खोबऱ्याच्या तुकड्यांची थांबून थांबून. पोरींना वाटलं मामांचा कान परत आला. मग उज्मानं डोकं चालवलं. तिनं डबा हलवला आणि रेघ जवळजवळ सरळच राहिली. सगळ्या पोरी तोंडावर हात धरून हसून राहिल्या होत्या. मी मुद्दाम वेळ लावला, चष्मा पुसला, आणि म्हटलं, जे हलवूनही बोलत नाही तो शिरा. झालं, अख्खी गल्ली गोळा झाली. शालिकराम भजनाचं पुन्हा विचारून गेला. मी म्हटलं, पेटीपुढं माइक ठेवणार असाल तर येतो.

मामीची गाणी रोज भरतो. प्रत्येकाला नाव देऊन ठेवलंय, आणि रऊफभाईंकडून सीडीवर उतरवूनही घेतली. एक सीडी त्यांच्या दुकानात, एक घरात. गोदाम आता वेगळं केलंय, काळजी नसावी. पोरी गेल्या की हेडफोन लावून ऐकत बसतो. छान ऐकू येतं. मामीचा आवाज आहे तसाच आहे, काही फरक नाही. तिसऱ्या गाण्यात ती कडवं विसरली आणि हसली, ते तर फारच छान आलंय. रेघ आधी थांबते, मग तीन-चार बारीक उड्या मारते.

परवा स्वप्नात जिनिंग आली नाही. नुसती निळी रेघ आली, लांबच लांब, मूर्तिजापूरकडं जाणाऱ्या लहान आगगाडीसारखी, तिला कसलीच घाई नव्हती. मी तिच्या बरोबरीनं चालत होतो.

परीक्षा झाल्या की ये. तुझ्यासाठी खिरापत राखून ठेवत नाही, ताजी करू.

तुझा,
जानरावमामा


अकोला
२ नोव्हेंबर

प्रणालीबाईले मामीचा आशीर्वाद.

दिवायीचं करनं चालू हाय, हाताले बेसन लागलं हाय, कागद खराब झाला तं माफ कर. तुले एक सांगाचं होतं. दुसऱ्या कोनाले सांगता येत नाई.

कोजागिरीले भुलाबाई उठली. पोरी गेल्या. म्या म्हटलं आता गानं संपलं. तं त्याईनं दुसऱ्या दिवशी सांजच्याले पुन्हा माइक मांडला अन् मायाकडे पाहून राह्यले. मंग काय करतं, गायली. आता रोजच गातो आमी. म्हंजे मी गाते, ते भरतेत. मंग हेडफोन लावून बसतेत, मान डोलवतेत, अन् मले हातानं खुनावतेत का मस्त आलं.

मंगळवारी मी झाडून राह्यली होती. हे हेडफोन लावून बसलेले, पडद्यावर मायं गानं चालू. टेबलाखाली झाडू घातला तं हेडफोनची वायर खाली पडलेली. तिचं टोक कॉम्प्युटरात नव्हतंच. धुळीत पडलं होतं, कवाचं पडलं होतं कोन जाने, त्याच्यावर मकडीचं जायं धरलं होतं. अन् हे वर बसून मान डोलवून राह्यले होते. काडी पुढं सरके तशी मान चाले. जिथं मी कडवं विसरली अन् हासली, तिथं बरोबर हासले.

मी टेबलाखाली तशीच बसून राह्यली बाई. तो डावा कान कवाचा गेला असन. त्याईनं मले सांगतलं नाई, तुले लिहिलं नाई. तुले तं लिहिलं का आवाज आहे तसाच आहे. मी किती भेली होती त्या आवाजाले. माया घोगरा आवाज त्याईनं आयकलाच नाई कदाचित, एकही दिवस.

वायर पुसली अन् हळूच लावून देली. काई बोलली नाई. तूही बोलू नको. इथं आली का इचारजो, मामा गानी कशी वाटतेत, अन् ते जे सांगतीन ते आयकून घेजो.

मी आता बी रोज गाते. पन मोठ्यानं नाई गात. मोठ्यानं गायलं का रेघ मोठी येते, ती त्याईले खुर्चीतूनच दिसते. हळू गायलं का रेघ बारीक येते. मंग त्याईले नीट दिसत नाई, चष्मा सावरतेत, अन् खुर्ची ओढून माया जवळ येऊन बसतेत.

तुयी,
गोदामामी